बक्षी गार्ड आणि बिनशेवेचे पोहे

यज्ञेश्वर बक्षींना काहीतरी मोठं निघालंय, अशी बातमी आमच्या गल्लीत आषाढात आली. 'मोठं' म्हणताना सांगणाऱ्यानं आवाज इतका लहान केला होता की पुढचं विचारायची गरज उरली नाही. पुरावे होते. देवास गेटच्या शिंप्याकडे बक्षींच्या पँटी कमरेत आत घ्यायला पडल्या होत्या. आणि दुसरा पुरावा तर त्याहून पक्का, टावर चौकात बक्षींनी पोह्यांवर शेव घालू दिली नाही. आमच्या उज्जैनमध्ये माणूस शेवेला नको म्हणतो, तेव्हा लोक त्याच्या घरच्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

समोरच्या घरातून मुगाच्या खिचडीचा डबा गेला. गोपाळकृष्ण आमचे निवृत्त मास्तर, प्रत्येक कामात दोन पावलं पुढे. त्यांनी महाराष्ट्र समाजाच्या पत्रकासाठी बक्षींचा एखादा बरा फोटो कुणाकडे आहे का, अशी चौकशी माझ्याकडे हळूच करून ठेवली.

मी मात्र, रोज बक्षींबरोबर फिरत असूनही, खात्री करायला सरळ फाटकाशी जाऊन उभा राहिलो. शेजारी कशाला असतो? बक्षींची बायको मधुरावहिनी कोथिंबीर निवडत होत्या.

"वहिनी, बक्षींची तबीयत कशी आहे?"

"तुम्हीही आलात का भाऊजी. खिचडी आणलीत की नुसतेच आलात?"

"नुसताच."

"मग ऐका आणि गल्लीत सांगा, तुमच्याइतकं लवकर कोण सांगणार. त्यांना काही झालेलं नाही. ते जेवायला शिकतायत."

"चोपन्नाव्या वर्षी?"

"आधी नुसते खात होते," वहिनी म्हणाल्या.

मी इमानेइतबारे गल्लीत सांगितलं. पण आजारावर लोकांचा चटकन विश्वास बसतो तसा शहाणपणावर बसत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

बक्षी रेल्वेत गार्ड. सरकारनं मध्यंतरी गार्डाचं नाव ट्रेन मॅनेजर करून टाकलं, पण आमच्याकडे ते बक्षी गार्डच. त्यांचे वडीलही गार्ड, भुसावळहून बदली होऊन इकडे आले आणि मालव्याच्या गव्हानं त्यांना परत जाऊ दिलं नाही. पांढरा युनिफॉर्म, गळ्यात शिट्टी, हातात हिरवी झेंडी, आणि गाडीचा सगळ्यात शेवटचा डबा. बक्षींनी झेंडी दाखवल्याशिवाय एवढी मोठी गाडी जागची हलत नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, पोट तर नाहीच.

मी त्यांना नेहमी म्हणायचो, "बक्षी, तुमची गाडी लेट का होते ते माझ्या लक्षात आलंय. सगळं वजन मागच्या डब्यात आहे."

ते हसायचे. पंधरा वर्षं हसले.

आमचं एक सकाळी फिरण्याचं मंडळ आहे. मी, बक्षी, गोपाळकृष्ण आणि बँकेतून निवृत्त झालेले श्रीकांत. उजाडता उजाडता कोठी रोडवर जायचं आणि चालायचं. चालायचं म्हणजे बोलायचं, पाय आपले आपण हलत राहतात. मग स्कूटरवर बसून फ्रीगंजात, टावर चौकात. वाफेवरचे पोहे, त्यावर मूठभर शेव, जिरावणाचा चटकदार मसाला, बाजूला गरम जिलेबी. फिरून आलो म्हणून पोहे. पोह्यांनी तिखट लागलं म्हणून जिलेबी. जिलेबीनं तोंड गोड झालं म्हणून कचोरी. आणि एवढं खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला जाणं आलंच. अशी बरीच वर्षं आम्ही तब्येतीची काळजी घेतली. गोपाळकृष्णांना त्या काळात दोनदा नवे पट्टे घ्यावे लागले.

मग गेल्या वर्षी संक्रांतीनंतर ते झालं. दोन छोट्या स्टेशनांच्या मध्ये कुणीतरी चेन ओढली. अशा वेळी गार्डला उतरून, तो डबा शोधून, चेन पूर्ववत करून परत यावं लागतं. बक्षी उतरले, रुळाकडेच्या खडीवरून चालत गेले, काम केलं, परत आले. आणि आपल्या डब्यात त्यांना चढता येईना. प्लॅटफॉर्मवर डब्याचा दरवाजा पायाशी असतो, खाली रुळाशी उभं राहिलं की तोच छातीशी येतो. बक्षींनी पाय उचलला, पण बाकीचे बक्षी खालीच राहिले. दोनदा, तीनदा. खिडक्यांतून डोकी बाहेर. शेवटी दोन पोरं उतरली. एकानं वरून ओढलं, दुसऱ्यानं खालून रेटलं, आणि गाडी निघाली.

ही गोष्ट गाडीच्या आधी उज्जैनला पोचली. दुसऱ्या दिवशी कोठी रोडवर मी तोंड उघडलं, तर बक्षी म्हणाले, "यावर नाही."

एवढंच म्हणाले, पण पंधरा वर्षांत असं पहिल्यांदा. मी उघडलेलं तोंड जांभईसाठी वापरलं.

पुढे फाल्गुनात त्यांची नेमाची मेडिकल तपासणी आली. ब्लडप्रेशर चढलेलं, साखर चढलेली, वजनाच्या काट्यावर तर बक्षींनी डोळेच मिटून घेतले होते. डॉक्टरीणबाई निहारिका सक्सेना. वयानं लहान, बोलायला मोठ्या.

"बक्षीजी, घूमने जाते हैं?"

"रोज. कोठी रोड."

"फिर?"

"फिर टावर चौक."

"वहाँ क्या है?"

बक्षी खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा एक दोष आहे. त्यांनी पोह्यांपासून कचोरीपर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आप घूमने जाते हैं, फिर नाश्ता करते हैं? या नाश्ते के लिए घूमने जाते हैं?"

मग त्यांनी सरळ सांगितलं. या तब्येतीवर गाडीवर पाठवता येणार नाही. सध्या ऑफिसात टेबलावर बसा. दसऱ्यानंतर पुन्हा तपासणी. तेव्हाही असंच निघालं, तर गाडी कायमची सुटली.

टेबल म्हणजे पगार होता, पंखा होता, घरी वेळेवर येणं होतं. आमच्यातल्या कुणीही पेढे वाटले असते. पण मधुरावहिनींनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं, "स्टेशनवर गाडी सुटायची वेळ झाली की यांचा पेन धरलेला हात वर जातो म्हणे. ऑफिसातली पोरं बघतात. मग हे कान खाजवल्यासारखं करतात." घरी खुंटीला हिरवी झेंडी गुंडाळून टांगलेली होती. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून बक्षी भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागले.

आता माणूस घाबरला की आधी चुकीचंच करतो. कोठी रोडवर फिरणाऱ्यांसाठी हिरवे रस विकणारा उभा असतो. बक्षींनी दुधीचा रस धरला आणि जेवण सोडलं. सकाळी दुधी, रात्री दुधी, मध्ये तोंड वाकडं. आठवड्याभरात वजन उतरलं, बक्षी खूश. पुढच्या आठवड्यात ऑफिसात उभे राहिले आणि खुर्ची समजून हवेतच बसले. पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि म्हणाल्या, "मैंने कम खाने को कहा था, बंद करने को नहीं. ऐसे चक्कर खाकर जाँच पास करेंगे?"

मधुरावहिनींना त्यांनी शेजारी बसवून घेतलं. सगळं घरातलंच खा. पानात आधी भाजी आणि कोशिंबीर, मग वरण, मग पोळी. भूक उरली तर अजून थोडी भाजी. रात्रीचं जेवण लवकर. गोळ्या चालू राहतील, त्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. रोज असं चाला की बोलताना दम लागला पाहिजे. आणि पायात ताकद आणा. वजन हळूहळूच उतरू द्या. धाडकन उतरलेलं धाडकन परत येतं.

वहिनी घरी आल्या आणि त्यांनी बरणीतली शेव आम्हाला देऊन टाकली. रतलामची, लवंगाची. त्या शेवेबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

आमच्या मंडळाचं मात्र पहिलंच नुकसान असं झालं की बक्षी जोरात चालायला लागले. आम्ही मागून हाका मारायचो, "अहो बक्षी, गोष्ट अर्धी राहिली," आणि ते पुढून म्हणायचे, "परत येताना ऐकतो." परत येताना ते समोरून यायचे आणि निघून जायचे. टावर चौकात मात्र येत राहिले. मला वाटलं होतं, तोंड चुकवतील. उलट आमच्या बरोबर बसायचे, अर्धी प्लेट पोहे मागायचे, त्यावर लिंबू पिळायचे आणि हळूहळू चावत बसायचे. पोहेवाल्यानं पहिल्या दिवशी सवयीनं शेवेची मूठ उचलली.

"शेव मत डालना," बक्षी म्हणाले.

त्याची मूठ हवेत थांबली. "भिया, कोई बात हो गई?"

"कोई बात नहीं."

"घर पे सब ठीक?"

"सब ठीक है."

"अच्छा, तो थोड़ी-सी डाल दूँ?"

याच पोहेवाल्याकडून ती मोठ्या आजाराची बातमी सुरू झाली. त्या बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. दुसरं कारण त्याला सुचलंच नाही.

पायात ताकद आणायचं प्रकरण माझ्या घरापर्यंत आलं. एका संध्याकाळी बक्षी दारात. "तुमचा ओटा उंच आहे," म्हणाले. "वापरू का?"

आमच्या घराची पायरी मोडल्यापासून रस्त्यावरून ओट्यावर एकदम चढावं लागतं. पायरी नीट करा म्हणून बायको कधीची मागे लागली होती. आता ती बसवू नका, असं सांगणारा पहिला माणूस आला. बक्षी आधी कठड्याला धरून चढायचे, उतरायचे, दम घ्यायचे, पुन्हा चढायचे. माझ्या बायकोला पहिले काही दिवस वाटायचं पाहुणे आले. ती चहा टाकायची, तोवर बक्षी उतरलेले. कप घेऊन यायची, तर पुन्हा चढलेले. समोरच्या घरातून विचारणा झाली की बक्षी सारखे तुमच्याकडे येतात आणि लगेच जातात, काही भांडण आहे का? मी म्हटलं, हो, जमिनीशी आहे.

श्रावण येईपर्यंत सगळं ठीक चाललं. काटा थोडा थोडा खाली. आणि श्रावणात तो अडला. मग चक्क वर जायला लागला.

बक्षी हादरले. ते पुन्हा जेवण कमी करतील की काय, याची वहिनींना भीती वाटायला लागली, कारण ताटातली पोळी ते परत टाकत होते. शेवटी वहिनींनी डोकं लावलं. वजन वर जायचं ते मंगळवारी सकाळी. म्हणजे चोरी सोमवारी होत होती.

सोमवारी बक्षींचा उपास असतो. ते नोकरीला लागले तेव्हा आईनं महाकालापुढे उभं करून सांगितलं होतं, पोरा, गाडीत हजार माणसं असतात, त्यांच्यासाठी सोमवार धर. तेव्हापासून एक सोमवार चुकला नाही. आणि उपास म्हणजे, त्यातून श्रावणातला, आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हातानं. दुपारी फरियाली चिवडा. चारला बटाट्याचे तळलेले काप, राजगिऱ्याची वडी. संध्याकाळी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, बघून आल्यावर प्रसादाचे पेढे आणि मग उपास सोडायला गोडधोड. इतर सहा दिवस माणूस जेवायचा आणि सातव्या दिवशी उपाशी राहून सगळं भरून काढायचा. आमच्या सगळ्या घरांत हेच चालतं. डॉक्टरीणबाईंनी पोह्यांचं विचारलं, उपासाचं त्यांना विचारावंसं वाटलं नाही, आणि बक्षींना सांगावंसं वाटलं नाही. उपासात खाल्लेलं कुणी मोजतं का?

वहिनींनी हे बोलून दाखवलं तेव्हा मी तिथेच होतो, शेवेची रिकामी बरणी परत करायला गेलो होतो.

"उपास सोडायचा म्हणतेस?" बक्षी म्हणाले. "आईला शब्द दिलाय."

"सोडा कुठं म्हणतेय? धराच म्हणतेय. एकदा तरी नीट धरा."

"म्हणजे?"

"आईंनी उपास सांगितला होता. साबुदाणा नव्हता सांगितला."

मध्येच मी बोललो. "वहिनी, अहो महाकालाला तरी कुठं साबुदाणा आवडतो, त्याला भांग..." आणि दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बरणी ठेवून निघालो.

पुढच्या सोमवारी बक्षी सवारी बघायला घरून चालत गेले, चालत आले. दिवसभर ताक, एक पपई, भिजवलेले दाणे मोजके. संध्याकाळी साधं जेवण. मी मुद्दाम विचारलं, "काय हो, कसा गेला सोमवार?"

"आज पहिल्यांदा कळलं," ते म्हणाले, "सोमवारी भूक लागते."

त्यानंतर काटा पुन्हा खाली निघाला. गणपतीत त्यांनी मोदक खाल्ले. मी पहारा ठेवून होतो, त्यांनी सगळ्यांसमोर, सावकाश, तूप घालून खाल्ले, आणि आग्रह सुरू झाला तेव्हा पानावर आडवा हात धरला. आमच्या लोकांत पानावर आडवा हात धरला की वाढणारा हातावरच वाढतो. वाढणारे गोपाळकृष्ण होते. बक्षींनी तो मोदक हातातून उचलून गोपाळकृष्णांच्याच तोंडात घातला. मास्तर पुढे बराच वेळ काही शिकवू शकले नाहीत.

नवरात्रात मंडळाची दाल-बाफल्यांची पार्टी झाली. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकळलेला, मग भाजलेला, मग तुपात बुडवून बाहेर काढायला विसरलेला. बक्षींनी एक घेतला, तूप निथळून. वरण दोनदा, कांदा-काकडी भरपूर. जेवण झाल्यावर आम्ही तिघं सतरंजीवर आडवे झालो आणि बक्षी उभे राहिले. "मी जरा चालून येतो," म्हणाले. श्रीकांत डोळे मिटूनच म्हणाले, "या माणसाबरोबर आता पार्टी करण्यात मजा नाही." पण त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बक्षी सतरंजीवरून उठले तेव्हा हात टेकला नव्हता. माझ्या ओट्यावरही ते आताशा कठडा न धरता चढत होते, आणि ते कधीपासून, हे मला सांगता आलं नसतं.

दसरा झाला. तपासणीच्या दिवशी बक्षी सकाळी लवकर गेले. त्या दिवशी आम्ही फिरायला गेलो आणि पोहे खायला गेलो नाही. कुणी ठरवलं नव्हतं. स्कूटरी आपोआप गल्लीकडे वळल्या. मधुरावहिनी आपल्या ओट्यावर बसून निवडलेली मेथी पुन्हा निवडत होत्या. माझ्या बायकोनं चहा केला, तो कुणी प्यायलं नाही.

बक्षी दुपारी आले. चेहऱ्यावर काही नाही. गार्डांचा चेहरा तसाच असतो, गाडी लेट आहे की वेळेवर, बघून कळत नाही. चपला काढल्या, पाणी प्यायले, आत गेले. आम्ही सगळे फाटकाशी. आतून खुंटीचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात ती हिरवी झेंडी होती, सहा-सात महिन्यांची धूळ बसलेली. त्यांनी ती मधुरावहिनींपुढे धरली.

"ही धुवावी लागेल," म्हणाले. "परवा लागणार आहे."

वहिनींनी झेंडी घेतली आणि तिच्यात तोंड लपवून रडून घेतलं. मग म्हणाल्या, "केवढी धूळ आहे हिच्यात." समोरच्या घरातून पुन्हा डबा आला, या वेळी शिऱ्याचा. बक्षींनी दोन चमचे खाल्ले, उरलेला आम्ही बघून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी म्हणे फक्त एवढं विचारलं, "टावर चौक अब भी जाते हैं?" बक्षी म्हणाले, "रोज." बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. गोळी एक कमी झाली, एक चालू आहे. साखर जागेवर आहे. वजन अजून चार-पाच किलो उतरायला हवं म्हणतात, उतरेल. घाई नाही.

परवा, म्हणजे ज्या दिवशी ते पुन्हा गाडीवर निघणार होते त्या दिवशी, आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. गोपाळकृष्णांनी हार आणला होता, तो बक्षींनी घालू दिला नाही, ड्यूटी आहे म्हणाले. युनिफॉर्म देवास गेटच्या शिंप्यानं आत घेतलेला, शिट्टी चकचकीत, झेंडी इस्त्री केलेली. मी फ्रीगंजातून कागदात बांधून चार जिलेब्या नेल्या होत्या. त्यांनी एक घेतली, आमच्यासमोर खाल्ली, बोटं रुमालाला पुसली आणि पुडा माझ्या हातात परत दिला. मग वळले, दांडा धरला आणि आपल्या डब्यात चढले. सहज. कुणी बघतंय का, हेही बघितलं नाही.

अशा वेळी मला एकच उपाय ठाऊक आहे. मी खालून म्हटलं, "काय बक्षी, मागचा डबा हलका झाला. आता तरी गाडी वेळेवर पोचणार ना?"

बक्षींनी सिग्नलकडे बघितलं, शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि पुन्हा खाली घेतली.

"माझं वजन कमी झालंय, गाडीचं नाही," ते म्हणाले. "मागे सरका, सिग्नल झालाय."